भोंग्याच्या रानातून

“आबा, गाडी माझ्या रानातून काढा!”

बांधापलीकडून भोंगा ओरडला. ओरडला म्हणजे साधंच बोलला, पण त्याचं साधं बोलणंही तीन शेतांपलीकडे ऐकू जातं. मी कांद्याची पात कापत होते, माझा विळा थांबला. सासूबाईंचा थांबला. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, थांबला नाही.

“ऐकताय ना? वर आभाळ बघा. संध्याकाळपर्यंत काही हे धरत नाही.”

“आभाळ आमचं आम्हाला दिसतंय,” सासूबाई म्हणाल्या. “डोळे शाबूत आहेत अजून.”

“डोळ्यांचं कुठं म्हणतोय मी, वहिनी? गाडीला वाट नाही, एवढंच म्हणतोय.”

“वाट कुणाच्या लोकांनी खाल्ली तेही दिसतंय.”

खांद्यावरच्या टॉवेलनं भोंग्यानं तोंड पुसलं, कुंपणाचा एक खांब उगाच हलवून पाहिला आणि गेला. आबांनी पाठमोऱ्या त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

“हात चालवा,” ते म्हणाले.

हात चालतच होते. कांदा उपटून रानभर पसरलेला. निम्म्याची पात कापून ढीग घातले होते, निम्मा तसाच पडला होता. कांद्याला पाणी लागलं की आधी मान मऊ पडते, मग तो आतून जातो, वरून मात्र चांगलाच दिसतो. आमचं पुढचं वर्ष त्या ढिगांत होतं. इतके दिवस आम्ही ओढ्यातून गाडी काढायचो, कोरडा असायचा म्हणून. पण वर कुठेतरी पाऊस झाला आणि ओढ्याला मांडीएवढं पाणी आलं. काल माझ्या नवऱ्यानं तरी गाडी घातली. चाक आसापर्यंत रुतलं. खांदा लावून लावून त्याच्या खांद्याची साल निघाली, आणि गाडी रिकामी होती तरी बैल गुडघ्यावर आले.

ओढा ही काही आमची वाट नव्हे. आमची वाट होती गावच्या पुढाऱ्याच्या शेताच्या कडेनं, आबांच्या आजोबांच्या काळापासूनची, दोन गाड्या समोरासमोर जातील एवढी. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे नणंदेच्या लग्नाला गेलो. परत आलो तर वाट नव्हती. वाटेच्या जागी नांगरलेलं रान, वर चारा पेरलेला आणि त्यावरून काटेरी फांदी ओढून माती सारखी केलेली. पुढारी ओट्यावर बसून दात कोरत म्हणाला, “कसली वाट? इथं वाट कधी होती?” आबा त्या रानाच्या कडेला किती तरी वेळ उभे होते. फांदीच्या खुणा बघत होते. प्रत्येक तासाच्या, म्हणजे ओळीच्या, शेवटी ओढणाऱ्यानं फांदी उचलली नव्हती, तशीच गोल वळवून परत आणली होती. “घाईत होता, पण काम नेटकं केलंय,” एवढंच आबा तेव्हा म्हणाले होते.

त्यानंतर तक्रार, चकरा, तारखा. आणि आता उद्या मोजणीदार दुसऱ्यांदा येणार होता. आमची सगळी बाजू एकाच खुंटीला टांगलेली होती: आमच्या रानात गाडी न्यायला दुसरी वाट नाही. एकदा जरी गाडी भोंग्याच्या रानातून गेली, तर पुढारी बोट दाखवणार. ही काय वाट! कशाला रडता?

आणि आजच भोंग्याला आमची दया यावी.

भोंगा म्हणजे पुढाऱ्याच्या पक्षाचा आवाज. प्रचाराच्या गाडीवर तो, सभेत तो, मिरवणुकीत तो. गेल्या निवडणुकीत आबा पलीकडच्या बाजूनं उभे होते. आमच्या दारासमोर गाडी थांबवून तो माइकवर म्हणाला होता, “ज्यांना स्वतःच्या रानाची वाट राखता आली नाही, ते गावाला काय वाट दाखवणार!” गल्ली हसली होती. शेजारच्या जावा तोंडावर पदर धरून हसल्या होत्या. मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. आबा आत येऊन पाण्याचा तांब्या घेऊन बसले. प्यायले नाहीत, नुसता हातात धरला.

आणि गेल्या आठवड्यात हाच भोंगा त्यांच्या भर बैठकीत उठला, माइक खाली ठेवला आणि म्हणाला, “यापुढं तुमचं बोलणं माझ्या तोंडून निघणार नाही.” कारण काय, तर पुढाऱ्यानं गावाचं चराऊ रान मेहुण्याच्या नावानं कुंपणात घेतलं. असं तो सांगतो. लोक सांगतात, बायकोला उमेदवारी हवी होती, मिळाली नाही. मला वाटतं दोन्ही खरं असेल. माणूस एका कारणानं घर सोडत नाही, पक्ष तर नाहीच. तेव्हापासून न्हाव्यानं त्याची दाढी करायची टाळली, गिरणीवाल्यानं त्याच्या बायकोचं दळण दोनदा “वीज गेली” म्हणून परत पाठवलं. वीज गेली नव्हती. मी तिथंच होते, माझं पीठ पडत होतं.

पण हे सगळं ठरवून केलेलं असलं तर? राजकारणातली माणसं सकाळी एकमेकांच्या गचांड्या धरतात आणि दुपारी एका ताटात जेवतात.

“मी तर म्हणतो काढू गाडी,” माझा नवरा म्हणाला. “वाट उद्याची, कांदा आजचा.”

“आणि उद्या मोजणीदारानं विचारलं तर?” आबांनी विचारलं.

“सांगू, नाही गेलो.”

“चाकाच्या खुणा काय तुझा बाप चाटणार?” आबा म्हणाले.

सासूबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. “बापानं काय काय चाटायचं ते बापच ठरवील.”

“आई, चेष्टा नको गं. याला पुढाऱ्यानं पाठवलंय असं आबांना वाटतं. पाठवलं असतं तर गिरणीवरून त्याची बायको रिकामी परत गेली असती का?”

“बायकोला रिकामी पाठवणं काय अवघड असतं?” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्यात स्वस्त तेच.”

लिंबाखाली झोळीत चिमणी रडायला लागली. मी उठले. माझी पोरगी नुकती रांगायला लागली होती आणि सकाळपासून प्यायली नव्हती. घेतलं की तोंड लावायची आणि झटक्यानं मान फिरवायची. हाताला, पदराला, अंगाला सगळा कांद्याचा वास. ओढ्यावर जाऊन मी राख लावून हात धुतले, मनगटं धुतली, तरी तिनं तोंड फिरवलं. छाती दगडासारखी झाली होती आणि ब्लाउज ओला. मी आभाळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, भोंग्याच्या रानाकडे पाहिलं. मला एका जागी उभं राहवेना.

भोंग्याच्या रानापलीकडे लगेच डांबरी रस्ता. इथून दिसत होता. हात लांब केला तर लागेल असा.

“आबा,” मी म्हणाले, “गाडी नको. डोक्यावरून नेऊ.”

“काय?”

“पायवाट आणि गाडीवाट या काही एक नाहीत. माणूस कुठूनही चालत जातो. रस्त्यावर ताडपत्री टाकू, गाडी ओढ्यापलीकडेच आहे, ती गावाकडून फिरवून रस्त्यावर उभी करू. त्याच्या रानातून फक्त आपले पाय जातील.”

आबांनी ढिगांकडे पाहिलं. मला माहीत होतं ते काय मोजतायत. कांद्याचे ढीग आणि चार डोकी, त्यातलं एक सासूबाईंचं, ज्यांचा गुडघा जिना चढतानाही कुरकुरतो.

“त्याला विचारून ये,” शेवटी ते नवऱ्याला म्हणाले. “पायांपुरतं, म्हणावं. चाकांचं बोलायचं नाही.”

भोंगा लगेच आला. कुंपणाचे खांब त्यानं स्वतः उपटले, तारा गुंडाळून बाजूला टाकल्या. मग आमच्या ढिगापाशी वाकला, गोणी पाठीवर घेतली आणि चालायला लागला. आबा “अरे, तू नको” म्हणेपर्यंत तो निम्म्या रानात पोचला होता.

आम्ही नेत होतो. गोणी, पाटी, पुन्हा गोणी. चुंबळ घामानं भिजून डोक्याला चिकटली. मानेतून पाठीत एक तार ओढल्यासारखं दुखत होतं. भोंग्याच्या रानात चाऱ्याची कोवळी पेर होती, बोटभर आलेली. आधी आम्ही कडेकडेनं चालत होतो, मग कुणाला कडेचं भान राहिलं नाही. त्याची बायको विहिरीवरून कळशी घेऊन आली. सासूबाईंनी “तहान नाही” म्हणून सांगितलं. ओठ कोरडे पडून फाटले होते त्यांचे. मी पाणी घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बघितलंच नाही असं केलं.

“पोरगी द्या माझ्याकडे,” भोंग्याची बायको म्हणाली. “रडून रडून आवाज बसलाय तिचा.”

“नको, राहू दे. तिला दुसऱ्याची सवय नाही.”

“द्या हो. मी काही खात नाही तिला.”

मी चिमणीला तिच्याकडे दिलं. आणि मग डोक्यावर पाटी घेऊन जाताना मागं वळून बघायला लागले. पाटी डोक्यावर असताना मान वळत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. दोनदा ठेचकाळले. तिनं वाटीत दूध घेतलं होतं, कापसाची वात करून पोरीच्या ओठांत थेंब सोडत होती. पोरगी पीत होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दूध कुठलं? उकळलेलं होतं ना? मीच पाहिलं नव्हतं.

निम्मे ढीग राहिले असताना वारा पडला. झाडाचं पान हलेना. पाण्याचा एक जाड थेंब माझ्या मनगटावर आपटला. सासूबाई रानाच्या मधोमध खाली बसल्या, पाटीसकट.

“गुडघा गेला गं,” त्या म्हणाल्या. “मला इथंच पेरा आता.”

कुणी हसलं नाही. भोंगा आबांसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या छातीचा भाता चालला होता, बनियनवर मातीचे ओघळ आले होते. “आबा, आता पायांनी होत नाही. गाडी आणा.”

“उद्या तोच पुढारी तुझ्या रानातली चाकोरी दाखवील मोजणीदाराला.”

“चाकोरी राहणार नाही.”

“कशी राहणार नाही?”

“मी बघतो ते. तुम्ही गाडी आणा.”

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहत होते, त्याच्या डोळ्यांकडे, हातांकडे. खोटं बोलणाऱ्याचं काहीतरी हलतं असं म्हणतात. त्याचं काही हललं नाही. पण मिरवणुकीतही त्याचं कधी हललेलं नव्हतं. आणखी थेंब पडले. आबांनी नवऱ्याला रस्त्याकडे हात केला.

गाडी आली. आबांनी कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि बैलांच्या पुढं चालत राहिले, मागं न बघता. कोवळा चारा चाकांखाली चिखलात गेला. तीन खेपांत सगळा कांदा रस्त्यावर, ताडपत्रीखाली. पाऊस मात्र आलाच नाही. थोडे थेंब पडले, वास उठला आणि ढग पुढं सरकले. माझा नवरा आभाळाकडे बघून वाईट शिवी हासडून म्हणाला, “आला असता तर तरी बरं होतं.”

उजेड होता अजून. भोंग्यानं आपले बैल जुंपले, वखर घेतला आणि चाकोरीवर घातला. आपलंच उभं पीक त्यानं पट्टाभर उलथून काढलं. मग ओटीत बी घेऊन फेकलं. मग एक काटेरी फांदी तोडली, वर दगड बांधला आणि ती माती सारखी करत ओढायला लागला. इतकं झटपट, इतकं सफाईनं. तासाच्या शेवटी फांदी उचलली नाही त्यानं, गोल वळवून परत आणली.

आबा बांधावर बसले होते. ते हळूच उठले.

“आमच्या वाटेवरूनही तूच ओढली होतीस.”

भोंगा थांबला.

“हो,” तो म्हणाला.

माझा नवरा पुढं धावला. मी त्याचा शर्ट मागून धरला, शिवण उसवली. “सोड,” तो म्हणत होता, “सोड मला, याच्या आयला—” आबांनी नुसता हात आडवा केला. भोंगा तिथंच उभा होता, फांदीची दोरी हातात. मारलं असतं तर त्यानं मार खाल्ला असता असं मला वाटलं, आणि त्याचाही मला राग आला.

“चल घरी,” आबा म्हणाले. “बायकामाणसं दमलीत.”

घरी नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “ज्यानं आपली वाट गिळली त्याच्याच हातात सगळं देऊन आलो.” सासूबाईंनी गुडघ्याला तेल चोळता चोळता सांगितलं, “पण कांदा आला.” मी चिमणीच्या पोटावर हात ठेवून बघत होते, फुगलंय का, तापलंय का. काही नव्हतं. ती गाढ झोपली होती. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. जो माणूस आमच्यासाठी एका संध्याकाळात वाट नाहीशी करू शकतो, त्याला ते कुणासाठीही करता येतं. आज आमच्यासाठी केलं म्हणून तो आमचा होतो का? आणि चाकोरी पुसून आम्ही तरी उद्या खोटंच बोलणार होतो.

सकाळी मोजणीदार आला. बारीक माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला, साखळी उचलणारा एक जण सोबत. पुढारी मोटारसायकलवरून आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागं दोघं. गाव थोडं लांब उभं राहिलं, उसाचा रस प्यायला थांबावं तसं.

“मागच्या खेपेला इथं खणून पाहिलं होतं,” मोजणीदार आबांना म्हणाला. “नुसती माती निघाली. मग वाट होती कशावरून म्हणायची?”

“साहेब, वाट नाहीच,” पुढारी म्हणाला. “आणि यांना अडचण तरी कुठं आहे? कालच अख्खा कांदा गाडीनं नेलाय त्या बाजूनं. विचारा रानाच्या मालकाला. आहे तो इथंच.”

सगळ्यांनी भोंग्याकडे पाहिलं. मोजणीदार त्याच्या रानात गेला, वाकून पाहिलं. पट्टाभर ताजी सारखी केलेली माती, चाकाची खूण कुठंही नाही.

“काय हो, गेली का गाडी इथून?”

माझा नवरा माझ्या शेजारी श्वास धरून उभा होता. नाही म्हण, नाही म्हण. मी मनात म्हणत होते, आणि मनातल्या मनात लाजतही होते.

“गेली,” भोंगा म्हणाला.

पुढारी हसला. आबांनी डोळे मिटले. मी चिमणीला इतकं आवळलं की ती किंचाळली.

“मीच नेऊ दिली. एका दिवसापुरती. काल संध्याकाळी वाटलं झाकावं, म्हणून झाकली. सकाळी उठल्यावर वाटलं, किती झाकत बसायचं.” त्यानं बांधाला टेकवलेली कुदळ उचलली. “ती वाट नाही, साहेब. ते माझं रान आहे. वाट इकडं आहे.”

तो पुढाऱ्याच्या शेताच्या कडेनं चालत खाली गेला, ओढ्याच्या उताराकडे, जिथं मागच्या वेळी कुणी पाहिलंच नव्हतं. “ए, माझ्या रानात पाय ठेवू नको,” पुढारी म्हणाला. मोजणीदारानं हातानं त्याला थांबवलं. भोंगा खणायला लागला. त्याच्या कुदळीचे ठोके मऊ होते, मऊ, मऊ, आणि मग खणकन आवाज आला. तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती बाजूला करायला लागला. दगड निघाले. रांगेनं बसवलेले, चाकांनी घासून घासून मधोमध खोलगट झालेले.

“वरचा मुरूम सगळा उपसून नेला होता,” तो म्हणाला. “उताराची ही दगडी बांधणी निघेना, म्हणून झाकली.”

“कुणी झाकली?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

पुढारी मोटारसायकलचं हँडल धरून उभा होता. त्याच्या मागची दोघं भोंग्याकडे बघत होती. भोंगा दगडावरची माती अंगठ्यानं काढत राहिला.

“हात माझे होते, साहेब.”

“ते कळलं. सांगितलं कुणी?”

“एवढंच लिहा. हात माझे होते.”

मोजणीदारानं साखळीवाल्याला खूण केली. दगडांपासून माप धरलं गेलं, वरपर्यंत. “वाट होती असं दिसतं,” तो आबांना म्हणाला. “तसंच कळवतो. तोवर गाडी इथूनच न्या, कुणी अडवलं तर मला सांगा.” पुढाऱ्यानं मोटारसायकल चालू केली आणि धुरळा उडवत गेला. गावातली माणसं एकेक करून पांगली. काहींनी भोंग्याच्या बाजूनं जाणं टाळलं, लांबचा फेरा घेऊन गेली.

“नाव नाही घेतलं,” नवरा दबक्या आवाजात म्हणाला. “पाहिलंत ना आबा? अजून त्यांचाच आहे तो. उद्या परत जाईल.”

“जाईलही.”

“मग?”

आबा रुमालानं मान पुसत होते. “नाव घेतलं असतं तर मला भीती वाटली असती. आज त्याचं घेतलं, उद्या आपलं घेतलं असतं.” मग त्यांनी गाडीतून दुसरी कुदळ काढली. “चल, उतारावरची माती काढू. दुपारपर्यंत गाडी उतरली पाहिजे.”

नवरा जागचा हलला नाही. मीही नाही. भोंगा खड्ड्यात गुडघाभर उभा होता. आबांनी त्याच्या समोरच्या बाजूनं खणायला सुरुवात केली, तसा तो वर बघून म्हणाला, “एक सांगून ठेवतो, आबा. पुढच्या निवडणुकीत मी तुमच्या प्रचाराच्या गाडीवरून काही बोलणार नाही.”

“तुला बोलावलंय कुणी?” आबा म्हणाले. “खण.”